मैत्रीचे संविधानक

नाटकाचे कथानक आणि नाटकाचे संविधानक या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे मराठीच्या वर्गात नेहमी सांगितले जाते. कथानक म्हणजे घडलेल्या घटनांची साखळी. त्या घटना कोणत्या क्रमाने, कोणाच्या नजरेतून आणि कोठपर्यंत दाखवायच्या, याची नाटककाराने केलेली योजना म्हणजे संविधानक. व्याख्या पाठ करायला सोपी आहे. पण तिचा अर्थ किती दूरवर जातो, हे मला कुंभकोणमच्या मुक्कामात जाणवले.

ऐतिहासिक नाटकावर एक पाठ तयार करण्याचे काम आमच्या समितीने माझ्याकडे दिले होते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी जीवनाचे दर्शन त्यातून घडावे, अशीही अपेक्षा होती. अशा वेळी तंजावरची आठवण होणे स्वाभाविक आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. त्यांचे पुत्र शहाजीराजे हे स्वतः नाटककार होते आणि त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाटक मराठीतील आरंभीच्या नाटकांत गणले जाते. सांगलीत विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ साली रंगभूमीवर आले. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी कावेरीच्या काठी मराठी नाटके लिहिली जात होती. तेव्हा ऐतिहासिक नाटकासाठी विषय शोधायला तंजावरला जाणे म्हणजे एका अर्थाने माहेरी जाण्यासारखेच होते.

मी उतरले होते ती मात्र कुंभकोणमला. तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये हे गाव वसले आहे. दर बारा वर्षांनी महामहमच्या पर्वणीला ज्या तळ्यावर लाखो लोक स्नानाला लोटतात, त्या तळ्याभोवतीचे सोळा मंडप एरवी निवांत उभे असतात. पितळेच्या समया आणि भांडी विकणारी दुकाने, विड्याच्या पानांचे ढीग, सकाळच्या कॉफीचा वास आणि पावलोपावली एखादे गोपुर, असे हे गाव. येथे पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. तमिळ शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात. अशाच एका घरी माझा मुक्काम होता. यजमान निवृत्त मुख्याध्यापक. घरात मराठी आणि अंगणाबाहेर तमिळ असा त्यांचा दोनशे-अडीचशे वर्षांचा शिरस्ता. त्यांच्या मराठीत जुन्या बखरीतले शब्द आणि तमिळ हेल असे एकत्र नांदत होते, की ऐकताना मला क्षणभर आपलीच भाषा दुरून ओळखावी लागे.

माझा विषय ठरलेला होता: तंजावरचा राजा दुसरा सरफोजी आणि जर्मन मिशनरी ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांची मैत्री. एक भोसले कुळातील दत्तक राजपुत्र, दुसरा प्रशियात १७२६ साली जन्मलेला धर्मोपदेशक. वयात पन्नास वर्षांचे अंतर, धर्म निराळा, मातृभाषा निराळी. श्वार्ट्झ १७५० साली तरंगंबाडीला उतरला आणि पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. तो तमिळ शिकला, फार्सी शिकला आणि तंजावरच्या दरबारात बोलता यावे म्हणून मराठीही शिकला. १७७९ साली हैदरअलीशी बोलणी करायला मद्रास सरकारला विश्वासू माणूस हवा होता, तेव्हा त्यांनी याच फकिरी वृत्तीच्या माणसाला श्रीरंगपट्टणला पाठवले. असा माणूस आणि असा राजपुत्र यांचे नाते हा नाटकाचा विषय नव्हे, असे कोण म्हणेल?

राजा आणि परका यांच्या मैत्रीचे आकर्षण जगभरच्या नाटककारांना आणि चित्रपटकारांना आहे. राणी व्हिक्टोरिया आणि आग्र्याचा अब्दुल करीम यांच्या नात्यावर २०१७ साली निघालेला ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. अब्दुल १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात इंग्लंडला गेला, तिचा मुनशी झाला आणि तिला हिंदुस्थानी भाषा शिकवू लागला. १९०१ साली राणी वारली, तिच्या मुलाच्या हुकमाने अब्दुलजवळची पत्रे जाळण्यात आली आणि त्याला परत पाठवण्यात आले. या चित्रपटाची बांधणी पाहिली, की अशा कथांचा एक साचाच डोळ्यांसमोर येतो. आधी योगायोगाने भेट. मग परक्याचा उत्कर्ष. मग दरबाऱ्यांचा मत्सर. मग सत्ताधारी मित्राचा मृत्यू आणि परक्याची हकालपट्टी. शेवटी एकट्या उरलेल्या मित्राने जागवलेली आठवण. प्रेक्षक डोळे पुसतो आणि घरी जातो.

सरफोजी आणि श्वार्ट्झ यांची कथा या साच्यात बसते का, हे पाहण्यासाठी मी वही उघडली. आपल्या नाट्यशास्त्राने संविधानकाचे पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. बीज पेरले जाते, ते कधी दिसते, कधी दृष्टिआड होते, फळ हाती येणार असे वाटते, मग मोठे विघ्न आडवे येते आणि अखेर सारे धागे एकत्र येऊन फलप्राप्ती होते. आश्चर्य असे, की इतिहासानेच हे पाचही संधी माझ्यासाठी मांडून ठेवले होते.

१७८७ साली तुळजाजी महाराज मृत्युशय्येवर होते. त्यांनी नुकताच दत्तक घेतलेला सरफोजी जेमतेम दहा वर्षांचा होता. या मुलाचा सांभाळ श्वार्ट्झने करावा, अशी महाराजांची इच्छा होती. हा झाला मुखसंधी, बीज पडले. पण श्वार्ट्झने ती जबाबदारी एकट्याने घेण्याचे नाकारले आणि महाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे कारभार द्यावा, असा सल्ला दिला. पुढे कंपनी सरकारने शास्त्र्यांचे मत विचारले. दत्तकविधान अशास्त्र ठरले आणि अमरसिंह कारभारी म्हणून नव्हे, तर राजा म्हणूनच गादीवर बसले. सरफोजी वाड्यात जवळजवळ बंदिवासात पडला आणि त्याचे शिक्षण थांबले. येथे प्रतिमुख. मुलाची आबाळ होत असल्याच्या तक्रारी श्वार्ट्झ मद्रासला कळवत राहिला. १७९३ साली सरफोजीला तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचा अभ्यास सुरू झाला. हा गर्भसंधी; येथे आशेचा अंकुर फुटतो. काशी आणि कलकत्ता येथील शास्त्र्यांचे मत पुन्हा मागवले गेले आणि या वेळी दत्तक सशास्त्र ठरले. फळ हाताशी आले, आणि १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झचा मृत्यू झाला. याहून मोठा विमर्श कोणता नाटककार कल्पील? त्यानंतर साडेचार महिन्यांनी, २९ जून १७९८ रोजी, सरफोजी तंजावरच्या गादीवर बसला. ज्याने वाट दाखवली, तो ते पाहायला उरला नव्हता.

निर्वहणासाठी तर प्रत्यक्ष शिल्पच तयार होते. सरफोजीने लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये ते आजही आहे. शय्येवर वृद्ध श्वार्ट्झ आहे, सरफोजीने त्याचा हात हाती घेतला आहे, मागे गेरिके उभा आहे आणि पायथ्याशी मुले आहेत. श्वार्ट्झच्या समाधिशिळेवरच्या इंग्रजी ओळी स्वतः सरफोजीने रचल्या. हे सारे एका राजाने केले, आणि तरीही तो ख्रिस्ती झाला नाही. बृहदीश्वराची सेवा त्याने अखंड चालू ठेवली आणि उतारवयात काशीयात्राही केली. मित्राने धर्म बदलला नाही म्हणून मित्राचे प्रेम आटले नाही, आणि प्रेम होते म्हणून मित्राने धर्म बदलला नाही. शेवटच्या प्रवेशात हे शिल्प जिवंत करावे आणि पडदा पडावा, असे मी वहीत लिहून ठेवले.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून मी ही योजना यजमानांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “ताई, तंजावरला उभे राहून पाहिले तर हे बरोबर आहे. पण तुम्ही उतरलात कुंभकोणमला. उद्या तिरुविडैमरुदूरला जाऊन या.”

मी म्हटले, “काका, तेथे महालिंगस्वामींचे देऊळ आहे, तेच ना?”

“देऊळ तर आहेच,” ते म्हणाले, “पण तुमच्या नाटकातला काकाही तेथेच राहिला.”

कुंभकोणमच्या पूर्वेला आठ-नऊ किलोमीटरवर हे गाव आहे. गादीवरून उतरवल्यानंतर अमरसिंह येथे येऊन राहिले आणि १८०२ साली येथेच वारले. त्यांच्या मागे पुत्र प्रतापसिंह येथेच नांदले. राज्य गेले होते, तरी या छोट्या दरबारात गाण्याला आश्रय होता. घनम् कृष्णय्यर यांच्यासारख्या गवयाचे नाव या दरबाराशी जोडलेले आहे. दुसऱ्या दिवशी मी देवळाच्या लांबलचक प्राकारातून फिरत होते. भिंतीच्या सावलीत पायऱ्यांवर बसलेली दोन म्हातारी माणसे आपसांत हळू आवाजात बोलत होती. माझ्या मनात मात्र एकच विचार होता. माझ्या पाच संधींमध्ये अमरसिंहाला काम होते, पण जागा नव्हती. तो विघ्न म्हणून येत होता आणि विघ्न दूर झाल्यावर रंगमंचावरून नाहीसा होत होता. आणि येथे, कुंभकोणमच्या शेजारी, तो आणखी चार वर्षे जगला होता.

अमरसिंह निर्दोष होता, असे मला म्हणायचे नाही. मुलाला कोंडून ठेवणे आणि त्याचे शिक्षण रोखणे याचे समर्थन होऊ शकत नाही. त्याच्या कारभारातील जुलमाच्या तक्रारीही कागदोपत्री आहेत. पण त्या कागदांपैकी बरेचसे कोणी लिहिले? श्वार्ट्झने आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी. एका वर्षी शास्त्र्यांनी दत्तक अमान्य केला, तेव्हा अमरसिंह राजा झाला. दहा वर्षांनी दुसऱ्या शास्त्र्यांनी मान्य केला, तेव्हा सरफोजी झाला. दोन्ही वेळा शास्त्र एकच होते आणि विचारणारे सरकारही एकच होते. गादीवर कोण बसणार हे ठरवण्याचा अधिकार भोसल्यांच्या घरातून केव्हाच बाहेर गेला होता. काका आणि पुतण्या यांच्यातील भांडण पुढच्या प्रवेशात दिसते. मागच्या पडद्यावर कंपनीची सावली हळूहळू मोठी होत असते.

मग माझे लक्ष आणखी एका तारखेकडे गेले. २५ ऑक्टोबर १७९९. राज्यारोहणाला पुरते दीड वर्षही झाले नव्हते. त्या दिवशीच्या तहाने सरफोजीने तंजावरच्या राज्याचा सारा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्याच्याकडे किल्ला आणि त्याचा परिसर, एक लक्ष होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. १८५५ साली त्याचा पुत्र शिवाजी वारला, तेव्हा गादीला पुत्र नाही म्हणून उरलेली राजपदवीही खालसा झाली. माझ्या नाटकाचा पडदा जून १७९८ मध्ये पडत होता. तो आणखी सोळा महिने उघडा ठेवला असता, तर प्रेक्षकांनी एक निराळेच नाटक पाहिले असते. मित्राने मुलाला गादी मिळवून दिली आणि त्या गादीखालचे राज्य त्याच मित्राच्या पाठीशी असलेल्या सरकारने काढून घेतले.

श्वार्ट्झने हे जाणून केले, असे मानायला आधार नाही. त्याच्या मृत्यूनंतरचा हा तह आहे. त्याचे मुलावरचे प्रेम खोटे होते, असेही कोणी म्हणू शकणार नाही. पण खऱ्या प्रेमाचाही उपयोग सत्ता करून घेते, आणि प्रेम करणाऱ्याला ते कळतेच असे नाही. ही गोष्ट नाटकात आली नाही, तर नाटक सुंदर होईल, पण अपुरे राहील. ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’मध्ये अब्दुलबरोबर इंग्लंडला गेलेला मोहम्मद नावाचा एक सोबती आहे. त्याला मायदेशी परतायचे असते. तो थंडीने खंगतो, साम्राज्याबद्दल कडवट बोलतो आणि परक्या भूमीत मरतो. मैत्रीच्या मुख्य कथेला त्याची गरज नाही. तरीही त्याच्यामुळेच त्या हसऱ्या कथेला थोडा खरेपणा येतो. माझ्या नाटकात ती जागा अमरसिंहाची होती.

मराठी नाटकाला हे नवीन नाही. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ने १९६२ साली राज्याच्या कथेतील पेच बाप आणि मुलगा यांच्यामध्ये शोधला. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने १९७२ साली सत्ताधीश आणि परका यांच्या जवळिकीचा व्यवहार उघडा करून दाखवला. एकाने घराकडे पाहिले, दुसऱ्याने सत्तेकडे. तंजावरच्या कथेत दोन्हीकडे पाहावे लागते. घरातील दुरावा नसता तर सत्तेला आत यायला दार मिळाले नसते.

कुंभकोणमशी जोडलेली आणखी एक राजमैत्री माझ्या मनात येथे डोकावून गेली. सर टी. माधवराव हे मराठी भाषक मुत्सद्दी १८२८ साली याच गावी जन्मले. पुढे ते बडोद्याचे दिवाण झाले आणि १८७५ साली दत्तक आलेल्या बालराजा सयाजीराव गायकवाडांच्या घडणीत त्यांचा वाटा राहिला. राज्यकारभार कसा करावा, याविषयी त्यांनी तरुण राजाला दिलेली व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहेत. पुन्हा दत्तक मुलगा, पुन्हा वडीलधारा शिक्षक, पुन्हा मागे उभे असलेले इंग्रज सरकार. पात्रे तीच, पण येथे राज्य टिकले. साम्य असलेल्या दोन कथा शेजारी ठेवल्या, की कोणत्या गोष्टी माणसांच्या हातात होत्या आणि कोणत्या नव्हत्या, हे अधिक स्पष्ट होते.

तर मग या मैत्रीचे फळ काय? राज्य नव्हे, हे उघड आहे. मला ते दुसरीकडे दिसते. मद्रासला गेला तेव्हा सरफोजी पंधरा-सोळा वर्षांचा होता. ज्या वयात इतरांचे शिक्षण संपत येते, त्या वयात त्याने थांबलेले शिक्षण पुन्हा सुरू केले. कोणत्या ना कोणत्या कारणाने ज्यांची शाळा मध्येच सुटली आणि ज्यांनी पुन्हा पुस्तक हाती घेतले, त्यांना या राजपुत्राची ओळख करून देताना मला विशेष आनंद होतो. राज्य हातातून गेल्यावर या माणसाने उरलेले आयुष्य शिकण्यात आणि शिकवण्यात घालवले. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह त्याने वाढवला. छापखाना काढला. १८०६ साली इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ तेथे छापले गेले. मुलांसाठी छापलेल्या पहिल्यावहिल्या मराठी पुस्तकांपैकी ते एक आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक त्याने लिहिले आणि त्यात कुरवंजीच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या डोंगरी स्त्रीच्या, तोंडून जगाचा भूगोल सांगितला. ज्याला लहानपणी एका खोलीबाहेरचे जग दिसू दिले नव्हते, त्याने नाटकातून सारी पृथ्वी मांडून दाखवावी, यात मला त्या मैत्रीचे खरे फळ दिसते.

पण म्हणून अमरसिंहाचा हिशेब मिटत नाही. सरफोजीच्या आज्ञेने १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी तिरुविडैमरुदूरला काका वारले होते. गादीवर बसलेल्याची कथा दगडावर कोरली जाते, संगमरवरात घडवली जाते; उतरलेल्याची कथा ओसरीवर सांगितली जाते. कुंभकोणमच्या एका ओसरीवर ती मला ऐकायला मिळाली, हे माझे भाग्य.

पाठाचा मसुदा करताना मी संविधानकात दोन बदल केले. पडदा १७९९च्या तहापर्यंत पुढे नेला. आणि शिल्पाच्या प्रवेशाआधी एक काल्पनिक प्रवेश घातला: तिरुविडैमरुदूरच्या वाड्यात अमरसिंह बसले आहेत, तंजावरहून एक स्वार तहाची बातमी घेऊन आला आहे. पुतण्याचे राज्य गेले, हे ऐकून काकाला आनंद व्हावा की दुःख? दोन्ही शक्य आहेत. त्याची गादी ज्याने घेतली, त्याच्या हातीही ती राहिली नाही, याचे समाधान त्याला वाटू शकते. व्यंकोजीराजांनी उभारलेले घर पडले, याचे दुःखही वाटू शकते. विद्यार्थ्यांनी हा प्रवेश स्वतः लिहून पाहावा, अशी सूचना मी पाठाखाली दिली आहे. तो प्रवेश माझ्या वहीतही आहे. फक्त बातमी ऐकल्यावर अमरसिंहाच्या तोंडी पहिले वाक्य कोणते द्यायचे, हे अजून ठरलेले नाही.